खात्रीचा पाव आटा

मी सायकलची सीट बोलतेय. घाबरट सीट म्हणालात तरी मला राग येणार नाही, कारण माझं निम्मं आयुष्य भीतीतच गेलंय. माझ्यावर बसणाऱ्याला समोरचा रस्ता दिसतो. मला दिसतो तो खालचा डांबरी पट्टा आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकची चाकं. तेवढंच जग रोज बघावं लागलं तर भल्याभल्यांना धडकी भरेल.

दिसायला मी अगदीच किडकिडीत. लांब नाक, अरुंद पाठ, वरून काळं कातडं आणि पोटाखाली दोन पोलादी सळया. सायकलच्या उभ्या दांड्यावर एक क्लॅम्प असतो, त्यात या सळया आवळल्या की मी जागेवर बसते. माणूस कितीही वजनाचा असो, सगळा भार त्या दोन सळयांवर. आणि सळईची जाडी म्हणाल तर शाळेतल्या पेन्सिलीएवढी.

माझा जन्म कुठल्या गावात झाला ते मला सांगता येणार नाही. एक मोठी शेड आठवते, माझ्यासारख्या शेकडो बहिणी आठवतात, आणि मग खोक्यातला लांबच लांब अंधार. डोळे उघडले ते निगडी प्राधिकरणात, दिग्विजय नावाच्या आयटीवाल्याच्या घरी. अंगानं काटकुळा, कमरेत अरुंद. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. रविवारी पहाटे तो लोणावळ्यापर्यंत जाऊन यायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "सीट काय मस्त आहे राव, बसलोय हेच कळत नाही!" ते ऐकून मी फुगून जायची. पुढं त्याला परदेशात नोकरी लागली आणि सायकल पिंपरीत करीमभाईंच्या दुकानी येऊन पडली.

करीमभाई माणूस चांगला, पण त्यांच्या दुकानात मागच्या भिंतीवर एक तार बांधली होती आणि त्या तारेवर जुन्या सीटा लटकत होत्या. कुणाचं कातडं फाटलेलं, कुणाचा फोम उंदरानं कुरतडलेला. एकीला तर नाकच नव्हतं. मी समोरच उभी. दिवसभर बघायला दुसरं काही नाही. आपलीही गत हीच, असं माझ्या मनानं तेव्हाच घेतलं.

तिथून मला सोडवलं ते बुद्धभूषणनं.

बुद्धभूषण दापोडीचा. वय त्रेचाळीस, अंगानं भरलेला, बोलायला कमी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत तो क्वालिटी इन्स्पेक्टर. कुठल्या भागात काय खोट आहे ते शोधायचं, हेच त्याचं काम. त्याच वर्षी त्याच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, हालचाल वाढवा. त्यानं ठरवलं, आठवड्यातून तीन दिवस कंपनीत सायकलनं जायचं. दापोडी ते चाकण पंचवीस किलोमीटर, तेवढंच परत.

त्यानं करीमभाईंकडे सायकल उलटीपालटी करून तपासली. ब्रेक बघितले, चेन बघितली, चाकं फिरवून कानाशी धरली. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. लग्नात नवरीचे दागिने सगळे बघतात, तिच्या चपलेत खिळा आहे का ते कोण बघतं?

पहिल्याच दिवशी मला कळलं, हे जमायचं नाही. दोष त्याचा नव्हता, माझाही नव्हता. त्याची बसायची हाडं रुंद आणि माझी पाठ अरुंद. त्यामुळे हाडं माझ्या दोन्ही बाजूंना खाली उतरायची आणि सगळा भार मधल्या नाजूक जागेवर यायचा. भोसरी ओलांडेपर्यंत तो चुळबुळ करायला लागायचा. मोशीला त्याला मुंग्या यायच्या, आणि इंद्रायणीच्या पुलावर तो पेडलवर उभाच राहायचा, कारण खालचं सगळं बधिर झालेलं असायचं.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. दुखणं अंगावर काढायची त्याची जुनी खोड. एकदा पुलावर उभ्या उभ्या तो स्वतःशीच पुटपुटला, "आईचंपण असंच सुरू झालं होतं." त्याच्या आईला साखरेचाच आजार होता. आधी पाय बधिर झाला, मग बोट कापावं लागलं, मग ती फार दिवस राहिली नाही. त्याला वाटत होतं, आपल्यालाही साखरेनंच गाठलं. दोष मापाचा आहे हे मला माहीत होतं, पण मी सांगणार कशी? त्याची भीती माझ्या पाठीवर आणि माझी भीती माझ्या पोटात, असे आम्ही दोघं आठवड्यातून तीनदा चाकणला जायचो.

गप्प बसून सोसणारा माणूस असला तरी हाताला स्वस्थता नव्हती. आधी त्यानं माझं नाक खाली झुकवलं. मग वर केलं. शेवटी मला मागे सरकवलं. आता, माझ्या सळयांवर बारीक रेघांच्या खुणा आहेत. क्लॅम्प त्या खुणांच्या आतच राहायला हवा, बाहेर गेला तर सळईवर नको तिथं ताण येतो. बुद्धभूषणनं मला खुणेच्या पार मागे ओढलं. "अर्धा इंच तर आहे," म्हणाला.

मग त्यानं बोल्ट आवळला. त्याच्याकडे टॉर्कचा पाना होता. हवा तेवढा जोर झाला की तो पाना 'खट' असा आवाज करतो, म्हणजे थांबा. पाना खट म्हणाला. बुद्धभूषण थांबला नाही. त्यानं दात दाबून आणखी एक झटका दिला. कंपनीत याला खात्रीचा पाव आटा म्हणतात. मापानं आवळून झालं तरी हाताला समाधान नसतं, म्हणून वरून पाव फेरा. लाइनवर कुणी असं केलं की बुद्धभूषण त्याची खरडपट्टी काढायचा. "पाना खोटं बोलतो का? मग तू का शहाणपणा करतो?" असं तो चारचौघांत सुनवायचा. घरी स्वतःच्या सायकलला मात्र त्यानं तेच केलं. स्वतःचं काम तपासायला इन्स्पेक्टर कोण ठेवतो?

चौथ्या दिवशी मोशीच्या पुढे एक खड्डा त्याला दिसला नाही. दणका बसला आणि माझ्या पोटात टचकन काहीतरी झालं. डाव्या सळईला, क्लॅम्पच्या अगदी कडेला तडा गेला होता. केसाएवढा. बुद्धभूषणला काही कळलं नाही, त्याला तेव्हा काहीच कळत नव्हतं, तो बधिरच होता.

तेव्हापासून माझी झोप उडाली.

नाशिक रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. उजवीकडून कंटेनर, डावीकडून कंपन्यांच्या बसेस, मधून उलट्या दिशेनं येणारे दुचाकीवाले. त्या गर्दीत माझी सळई तुटली तर बुद्धभूषण कुठल्या बाजूला पडेल याचा मी रोज हिशोब करायची. डावी सळई तुटणार म्हणजे मी डावीकडे कलणार. तो तोल सावरायला उजवीकडे झुकणार. आणि उजवीकडे चाकं. तिथं आलं की माझा विचार पुढे जायचा नाही.

तडा प्रत्येक खेपेला थोडा वाढत होता. मी ओरडायचं ठरवलं. आम्हा सीटांचा आवाज म्हणजे कुरकुर. प्रत्येक पेडलला मी जिवाच्या आकांतानं कुरकुरले. बुद्धभूषणनं दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी क्लॅम्पमध्ये ग्रीसचा गोळा भरला. माझा आवाज बंद झाला. "बसली गुमान," तो खुशीत म्हणाला.

मग दुसरा मार्ग. इतकं टोचायचं, इतकं टोचायचं की यानं वैतागून मला काढूनच टाकावं. करीमभाईंच्या तारेवर लटकले तरी चालेल, बिननाकाच्या त्या बाईशेजारी आनंदानं लटकेन, पण याच्या खाली नको. जिला एकेकाळी 'मस्त' म्हणवून घ्यायची हौस होती, ती मी आता काट्यासारखी वागू लागले. पण सोसणाऱ्याला किती टोचणार? तो जास्त सोसू लागला, एवढंच झालं.

त्याची बायको भाग्यश्री घरी शिवणकाम करते. नवरा हल्ली ओट्याला टेकून उभ्यानं जेवतो, हे तिनं हेरलं. "अहो, बसत का नाही?" ती म्हणाली.

"दिवसभर बसूनच असतो की."

"काही दुखतंय का?"

"सीट जरा टोचते. बाकी काही नाही."

तिनं लगेच मनावर घेतलं. चाकणला गाड्यांच्या सीटा बनवतात, तिथून त्यानं फोमचे उरलेले तुकडे आणले आणि तिनं माझ्यासाठी जाड, मऊ गादीचं कव्हर शिवलं. खालून नाडी ओढली की माझं पोट पार झाकून जायचं. किती मायेनं शिवलं होतं तिनं! आणि त्या मायेनंच माझा तडा जगापासून लपवला. वर मऊ फोममध्ये तो आणखी रुतायला लागला, त्यामुळे बधिरपणा मोशीऐवजी भोसरीलाच येऊ लागला. मी मनातून हात टेकले.

आता अण्णांबद्दल सांगते. अण्णासाहेब म्हणजे बुद्धभूषणचे वडील. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फोर्जिंगच्या कारखान्यात घालवली, तापलेल्या लोखंडावर घणाचे ठोके मोजत. आता डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात. कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी मुलाची सायकल पुसायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. दिसत नव्हतं, पण पुसायला दिसावं कशाला लागतं?

त्या गुरुवारी भाग्यश्रीनं माझं कव्हर धुवायला काढलं. अण्णांनी मला दांड्यावरून सोडवून मांडीवर उताणी घेतली, साबणाच्या पाण्यानं धुतलं आणि फडक्यानं सळया पुसू लागले. डाव्या सळईवर फडक्याचा एक धागा अडकला.

अण्णांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा पुसलं. धागा पुन्हा तिथंच अडकला. मग त्यांनी फडकं ठेवलं आणि नखानं ती जागा चाचपली. मी श्वास रोखला, म्हणजे मला असता तर रोखला असता.

"भूषण," त्यांनी हाक मारली, "ह्ये बघ बरं. तडा हाय का काय?"

बुद्धभूषण आला. त्यानं मोबाइलचा उजेड पाडून बघितलं. क्लॅम्पच्या कडेचा ओरखडा तिथं होताच, तडा त्या ओरखड्यातच लपला होता. "ओरखडा आहे अण्णा. नुसता दिसायला वाईट, बाकी काही नाही," तो म्हणाला. माणसाच्या आयुष्याची कमाई ज्या नजरेवर, ती नजर माझ्यावरून निसटून गेली. मला रडू कोसळलं असतं.

तो आत गेल्यावर अण्णांनी सुनेला बोलावलं. "पोरी, तुज्या मशीनचं पातळ तेल आन. आन् कापडावर रेघा मारायचा तो खडू बी आन."

ही त्यांच्या जुन्या कारखान्यातली रीत. तेल लावून ठेवायचं. तडा असेल तर तेल आत शिरतं. अर्ध्या तासानं वरचं तेल कोरडं पुसून घ्यायचं आणि खडूची पूड थापायची. आत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. नुसता ओरखडा असेल तर काही उमटत नाही. भाग्यश्रीनं सगळं त्यांनी सांगितलं तसं केलं. सुरीनं खडू खरवडून तिनं माझ्या पोटावर पूड थापली. मी पावडर थापलेल्या नवरीसारखी पांढरी झाले.

तेवढ्यात बुद्धभूषणचा फोन वाजला. कंपनीतून होता. एक लॉट अडकलाय, गाडी भरायची खोळंबली आहे, ओव्हरटाइम लावतो पण लगेच या. तो पाच मिनिटांत कपडे करून, हातात पाना घेऊन बाहेर आला.

"द्या ती सीट. आज कंपनीची बस नाही, सायकलनंच निघतो."

"पंधरा मिन्टं थांब," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तिकडं माणसं थांबलीत. हे तुमच्या घणाच्या काळातलं झालं. आमच्याकडे यासाठी मशीन आहे."

"मशीन हितं हाय का?"

त्यानं मला उचलायला हात पुढे केला. भाग्यश्रीनं मला पुडीचं पोट बाहेर ठेवून छातीशी धरलं. "अण्णांनी पंधरा मिनिटं मागितलीत," ती म्हणाली. "ती झाल्याशिवाय मी देणार नाही."

"भाग्यश्री, उशीर होतोय."

"होऊ दे."

ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. आधी काहीच होईना. पूड पांढरीच्या पांढरी. बुद्धभूषण दारात उभा राहून घड्याळ बघत होता. अण्णांना दिसत नव्हतं, ते सुनेच्या चेहऱ्याकडे तोंड करून बसले होते. दर मिनिटाला विचारायचे, "आलं का गं काय?" ती म्हणायची, "नाही अजून." आणि मी आतून जोर लावत होते, बाळंतिणीनं लावावा तसा. नीघ ना बाहेर, मी त्या तेलाला म्हणत होते. एरवी कपड्यांना डाग पाडायला कसं न बोलावता येतंस!

"पुरे आता," बुद्धभूषण म्हणाला आणि आत आला.

भाग्यश्रीनं मला दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरलं. पांढऱ्या पुडीवर एक बारीक, ओलसर, काळपट रेघ आली होती. बघता बघता ती सळईला वळसा घालून गेली. सळईचे चारातले तीन भाग तुटले होते, एकच शिल्लक होता.

असल्या रेघा वाचणं हाच ज्याचा धंदा, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो मटकन खाली फरशीवर बसला. दुखत असतानाही बसला.

"हाय का?" अण्णांनी विचारलं.

"आहे, अण्णा," तो म्हणाला. मग खाली बघत त्यानं बायकोला बाकीचंही सांगितलं. मुंग्या, बधिरपणा, आईची आठवण, सगळं. ती रागावली. मग रडली. मग पुन्हा रागावली. त्या दिवशी तो शहर बसनं चाकणला गेला.

दुसऱ्या दिवशी साखर आणि नसांची तपासणी झाली. नसा ठीक होत्या. संध्याकाळी नवराबायको दोघं करीमभाईंकडे गेले, मीही पिशवीत होते. करीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खोक्याचा एक पुठ्ठा स्टुलावर टाकला.

"भूषणभाऊ, यावर बसा. दाबून बसा."

तो उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे पडलेले दिसले. करीमभाईंनी पट्टीनं त्यांच्यातलं अंतर मोजलं आणि मग माझी रुंदी मोजून कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, माणूस हाडांवर बसतो, मांसावर नाही. ही सीट तुमच्या मापाचीच नाही. मी सायकल दिली तेव्हाच मोजायला पाहिजे होतं, चुकलं माझं." त्यांनी एक रुंद, मधे खाच असलेली, जरा कडकच सीट बसवून दिली. बोल्ट आवळताना पाना खट म्हणाला आणि करीमभाई थांबले. बुद्धभूषण त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होता. इंद्रायणीच्या पुलावर आता तो बसूनच जातो, असं ऐकते. हेवा वाटतो थोडा. नाही कशाला म्हणू?

मला तारेवर लटकवायला करीमभाईंनी हात पुढे केला, तर बुद्धभूषण म्हणाला, "नको. ही मी नेतो."

त्यानं मला कंपनीत नेलं. तिथं लाइनच्या सुरुवातीला एक फळा आहे, त्यावर फुकट गेलेले भाग टांगतात, लोकांनी बघून शिकावं म्हणून. त्याच्या कोपऱ्यात त्यानं मला टांगलं आणि लाल चिठ्ठी बांधली. 'दोष: सळईला तडा. कारण: खुणेबाहेर बसवली, खट झाल्यावरही आवळली.' खाली आणखी एक रकाना असतो, 'कुणी केलं'. तो त्यानं कोराच ठेवला. रोज सकाळी तो माझ्यासमोर यायचा, खिशातलं पेन काढायचा आणि परत ठेवायचा. मला वाटायचं, एवढं सोसणारा माणूस, याला एवढं लिहायची का भीती?

काल मोठे साहेब फेरीला आले. सोमवारी ऑडिट आहे, सगळीकडे रंगरंगोटी चालली आहे. फळ्यासमोर थांबून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे सायकलचं काय लटकवलंय? आपला पार्ट तरी आहे का हा? काढा ते."

लाइनवरची सगळी माणसं बघत होती. यांच्यातल्या कितीतरी जणांनी त्या पाव आट्यावरून बुद्धभूषणच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मी मनात म्हटलं, झालं, हा आता गुपचूप मला उतरवणार.

"पार्ट आपला नाही साहेब," बुद्धभूषण म्हणाला. "चूक आपली आहे."

"कुणाची?"

त्यानं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर त्या कोऱ्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. नावापुढे हुद्दाही लिहिला, क्वालिटी इन्स्पेक्टर. साहेब ते वाचत उभे राहिले आणि पुढे गेले.

तर वाचकहो, आज मी अजून फळ्यावर आहे. सोमवारी असेन की नाही, मला माहीत नाही. भंगाराचा ड्रम इथून दिसतो, आणि भीती वाटायची ती वाटतेच, ती काही माझी सुटायची नाही. पण कुणाच्या हाती माझा निकाल असेल तर एवढंच मागणं आहे. मला खुशाल उतरवा, त्या ड्रममध्ये टाका. ती चिठ्ठी मात्र तिथंच राहू द्या, आणि त्या माणसाचं नाव खोडू नका.